झारेंबांच्या तळघरातलं तीनशे

फलक सोमवारी सकाळी छापायला जायचे होते, आणि रविवारी दुपारचा एक वाजला तरी झारेंबा घराण्याचं आपल्या तळघरात बोलिंगच्या लेन किती होत्या यावरसुद्धा एकमत झालेलं नव्हतं.

"सहा," क्लेम म्हणाला.

"चार!" स्वयंपाकघरातून त्याची धाकटी बहीण लॉटी ओरडली. "पाच आणि सहा बाबांनी उखडल्या आणि तिथे बिअरची पिंपं लावली. तू शाळेत होतास तेव्हाच."

"उखडल्या म्हणजे आधी होत्या ना? मग सहाच."

कोरिनने वहीत 'चार' लिहिलं होतं ते खोडून 'सहा' केलं, मग दोन्ही खोडलं आणि पेन टेबलावर आपटलं. पस्तीस वर्षं तिने सातवीच्या पोरांना भूगोल शिकवला होता. त्यातली दोन-चार पुढे तुरुंगातही गेली. पण स्वतःच्या वडिलांनी आणि आत्याने मिळून तिच्या डोक्याचा जेवढा भुगा केला होता तेवढा त्या पोरांपैकी एकानेही केला नव्हता. पॅरिशच्या सभागृहात प्रदर्शन लागणार होतं, नदीच्या दक्षिणेकडच्या जुन्या बोलिंगच्या जागांचं. अकरा घराण्यांना एकेक फलक दिला होता. दहांचे ऑगस्टमध्येच तयार झाले. उरलेला एक तिच्या घरचा, आणि प्रदर्शनाची प्रमुखही तीच. पाद्रीबाबा तिला भेटले की हल्ली नुसतंच हसायचे, आणि ते तिला रागावण्यापेक्षा वाईट वाटायचं.

खरं म्हणजे लिहिण्यासारखं काय कमी होतं? एके काळी या मिलवॉकीत दर दुसऱ्या दारूच्या गुत्त्याखाली तळघर होतं आणि दर तळघरात लेन होत्या. ओतशाळेची तिसरी पाळी सकाळी सुटायची आणि काजळलेल्या हातांची माणसं घरी न जाता थेट लीग खेळायला उतरायची. सकाळी आठला बिअर, साडेआठला पहिला चेंडू. झारेंबांकडे छत इतकं खाली होतं की उंच माणूस वाकूनच धावायचा, आणि दोन व तीन नंबरच्या लेनच्या मध्ये एक खांब होता, त्याने अर्ध्या वस्तीच्या हाताची सालं काढली होती. आता तिथे मेक्सिकन बेकरी आहे. तळघरात मैद्याची पोती असतात, आणि खांबाला बेकरीवाल्याने उशी बांधली आहे. झारेंबांना ते तीस वर्षांत सुचलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही तुमचा मजकूर लिहून आणणार होतात," कोरिन म्हणाली.

"आणलाय." क्लेमने कोटाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. "मोठ्याने वाच. सगळ्यांना ऐकू जाईल असा."

'सगळ्यांना' म्हणजे कुणाला ते सांगायची गरज नव्हती. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लॉटीचा नवरा नॉर्बर्ट रुमाल गळ्यात खोचून बसला होता आणि राईच्या पावाला लोणी लावत होता. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, कुठेही जाड नाही की पातळ नाही. गिअरच्या कारखान्यात चाळीस वर्षं तपासनीस होता, तो पाव काय सोडणार! क्लेम आणि नॉर्बर्ट त्रेपन्न वर्षं एकमेकांशी बोललेले नव्हते. क्लेम आणि लॉटीच्या म्हाताऱ्या आईने मरताना अट घातली होती, महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी एका टेबलावर जेवायचं. ते जेवत. बोलायचं असं काही आई म्हणाली नव्हती.

कोरिनने वाचायला सुरुवात केली. "'मार्च १९५९ मध्ये झारेंबा लेन्सच्या तीन नंबरच्या लेनवर क्लेमन्स झारेंबा याने सलग बारा स्ट्राइक घेऊन, म्हणजे दर चेंडूत दहाच्या दहा पिना पाडून, तीनशे केले. त्याहून जास्त गुण या खेळात होत नाहीत. या तळघरातलं हे एकमेव तीनशे. परंतु लीगच्या मत्सरी चिटणीसाने...'" ती थांबली. "बाबा."

"वाच पुढे."

"'...मत्सरी चिटणीसाने ते मंजूर होऊ दिलं नाही, आणि क्लेमन्सला त्याच्या हक्काची सोन्याची अंगठी मिळाली नाही.' बाबा, हे मी छापणार नाही."

"नाव घातलंय का मी कुणाचं? नाव नाही घातलं."

"चिटणीस एकच होता!" हे जेरार्ड. लॉटीचा मुलगा, बावन्न वर्षांचा. तो मघापासून एक कान शेजारच्या खोलीतल्या टीव्हीवर लावून बसला होता. पॅकर्सचा फुटबॉल सामना सुरू होऊन गेला होता आणि तो इथे अडकला होता. "मामा, त्या सभागृहात दर रविवारी मासच्या प्रार्थनेनंतर माझे बाबा कॉफी ओततात. तो फलक बरोबर त्यांच्या कॉफीच्या भांड्यावर लागणार आहे. त्यांनी खाली उभं राहून लोकांना विचारायचं, साखर किती घालू?"

"कोरिन, जेरार्डला सांग, मी खरं तेच लिहिलंय."

"मामा, मी इथेच बसलोय. माझ्याशी तुमचं बोलणं बंद नाहीये."

"हो, ते खरं," क्लेम म्हणाला. "सवय झालीय."

नॉर्बर्टने पावाचा तुकडा मोडला. "छापू दे," तो शांतपणे म्हणाला. "जेरार्ड, मामाला सांग, हवं ते छाप म्हणावं. मला त्याने काही फरक पडत नाही."

हीच त्याची तऱ्हा होती, आणि हिचाच सगळ्यांना संताप यायचा. माणसाने चिडावं, ताट भिरकवावं, निदान उठून जावं. हा मात्र 'छापू दे' म्हणून लोणी लावत बसणार.

स्वयंपाकघरात लॉटी ओव्हनमधून कोंबडी काढता काढता थांबली.

तीन नंबरच्या लेनवर काय झालं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं, कारण ते तिनेच केलं होतं.

तेव्हा नियम असा होता की कुणी तीनशे केलं की ती लेन तिथल्या तिथे बंद. कुणी पाऊल टाकायचं नाही. चिटणीस आणि समोरच्या संघातले दोघं फळ्यांवर गुडघे टेकून बसणार, मोजपट्टी लावणार, पिना बघणार आणि हाताचा तळवा फिरवून तेल तपासणार. तेल कडेपासून कडेपर्यंत सारखं हवं. मध्ये तेल आणि कडा कोरड्या असल्या की चेंडू कुठेही टाका, लेन त्याला हाताला धरून पिनांकडे नेते. तसं सापडलं तर तीनशे रद्द. बाबांची कंबर कायमचीच धरलेली होती. त्या शनिवारीही तेलाचा डबा आणि लोकर गुंडाळलेला दांडा घेऊन लॉटी एकटीच उतरली. तीन वाजता तिला नॉर्बर्टच्या आईला पहिल्यांदा भेटायला जायचं होतं आणि केस अजून गुंडाळलेले होते. तिने चारही लेनवर मधोमध दांडा फिरवला आणि कडा नंतर करू म्हणून ठेवून दिल्या. संध्याकाळी परत आली तोवर वर गुत्त्यात लोक क्लेमला खांद्यावर घेऊन नाचत होते, आणि तिचा होणारा नवरा खाली गुडघ्यांवर बसून स्वतःच्या कोरड्या तळव्याकडे बघत होता.

लग्नाच्या आठवडाभर आधी तिने नॉर्बर्टला सगळं सांगितलं. बाबांना आणि क्लेमलाही सांगते म्हणाली. तो म्हणाला, नको. मालकाच्या मुलीने भावासाठी लेन तयार केली असंच लोक म्हणतील, लीग दुसरीकडे जाईल, तळघर बंद पडेल. तेव्हा त्याचं बरोबर होतं. पण बाबा गेले एकाहत्तर साली. गुत्ता विकला अठ्ठ्याहत्तरला. झाकून ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी दोघं झाकत राहिली. आज सांगू, नाताळ होऊ दे, क्लेमच्या बायकोचं आजारपण संपू दे. असं करत करत लॉटी अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली आणि तिचा नवरा वस्तीतला मत्सरी माणूस झाला. आता तर ते छापून भिंतीवर लागणार होतं. नातवंडं वाचणार होती.

तिने कोंबडीचं ताट आणून टेबलाच्या मधोमध असं आदळलं की रस्सा टेबलक्लॉथवर सांडला.

"तेल मी घातलं होतं," ती म्हणाली.

"कशात?" क्लेमने कोंबडीकडे बघत विचारलं.

"लेनवर! तीन नंबरच्या लेनवर, त्या दिवशी! बाबांची कंबर धरली होती. मी घाईत होते. मध्ये घातलं आणि कडा ठेवून दिल्या. यांनी फॉर्मवर जे लिहिलं ते खरं लिहिलं. तेव्हापासून यांना ठाऊक आहे आणि माझ्यासाठी यांनी तोंड बंद ठेवलंय. झालं. सांगितलं. आता काय बोलायचं ते मला बोल, यांना नको."

शेजारच्या खोलीत कुणीतरी टचडाउन केला असावा, टीव्ही ओरडत होता. जेरार्डने मान वळवलीसुद्धा नाही.

"लॉटी," नॉर्बर्ट म्हणाला, "गरज नव्हती."

"तुम्ही तर बोलूच नका!"

क्लेमने काटा खाली ठेवला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या, पण त्या रागाच्या नव्हत्या. हिशेब न जुळणाऱ्या माणसाच्या होत्या. "पण तेल तर बाबा घालायचे," तो म्हणाला.

"काय?"

"तेल. बाबा घालायचे ना?"

लॉटी बघतच राहिली. "नऊ वर्षं मी घालत होते, क्लेम. शाळा सुटल्यापासून लग्नापर्यंत, रोज. बाबांना वाकता येत नव्हतं. तुला काय वाटलं, तेल रात्रीतून आपोआप उगवतं?"

"मी कधी पाहिलं नाही तुला."

"कारण तू खेळायला यायचास! तेल लागून झाल्यावर!"

कोरिनला हसू आलं आणि तिने ते दाबलं. आजोबांच्या तळघराचा एकूण एक फोटो तिने गेल्या चार महिन्यांत बघितला होता. चषक, शर्ट, सिगार, हातात चेंडू घेतलेले पुरुष. आत्या एकाही फोटोत नव्हती. ती गोष्ट आपल्याही लक्षात आली नाही, हे आठवून तिचं हसू आपोआप गेलं.

"मामा," जेरार्ड म्हणाला, "आता तरी तो कागद फाडा. बाबांची माफी मागा आणि मला सामना बघू द्या."

"माफी कसली?" क्लेम म्हणाला. "लेन तशी होती हे मला ठाऊक होतं."

लॉटीने विचारलं, "कधीपासून?"

"तिसऱ्या चेंडूपासून. माझा हात घसरला, चेंडू पार बाहेर गेला. बाहेर गेलेला चेंडू परत येतो का कधी? आला. गपचूप वळून बरोबर पिनांच्या खांद्यात. मी परत येऊन बसलो आणि म्हटलं, क्लेम, आज लेन खेळतेय, तू नाही. हात आहे माझा, मला कळणार नाही?"

लॉटीने खुर्ची ओढली, पण ती बसली नाही. खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. "तुला ठाऊक होतं," ती सावकाश म्हणाली. "तुला ठाऊक होतं की यांनी खरं लिहिलंय. आणि तरी तू माझ्या लग्नाला आला नाहीस. मी चर्चच्या पायरीवर वीस मिनिटं थांबले. पाद्रीबाबा घड्याळ दाखवत होते, बाबा म्हणत होते चल, तो नाही येणार, आणि मी म्हणत होते, येईल, माझा भाऊ आहे. आईच्या मयतीत तू उजवीकडच्या बाकावर आणि आम्ही डावीकडच्या. आणि मी रोज रात्री स्वतःला शिव्या घालतेय की माझ्या केसांपायी हे सगळं झालं! आणि तुला ठाऊक होतं?"

"अंगठीचं नव्हतं गं ते."

"मग कशाचं होतं? सांग ना! त्रेपन्न वर्षं कशाचं होतं?"

क्लेमने ग्लासातली ब्रँडी संपवली. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाचे कान लाल झालेले कोरिन पहिल्यांदाच बघत होती. वडिलांना लाज वाटते आहे, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

"अकरा स्ट्राइक लेनने केले," तो म्हणाला. "मान्य. अकराच्या अकरा. पण बारावा टाकायला उभा राहिलो तेव्हा सगळं तळघर गप्प होतं आणि मला माझीच चीड आली होती. म्हटलं, हा एक तरी माझा टाकीन. मनगट वळवलंच नाही. सरळ टाकला. सरळ चेंडूला तेल काय करणार? तो जातो तिथेच जातो. आयुष्यात मी सरळ चेंडूवर कधी स्ट्राइक घेतला नव्हता, आणि तीनशेच्या बाराव्याला घेतला. दहाच्या दहा." त्याने टेबलावर बोट आपटलं. "आणि कोरिन, तुझा काका गुण लिहायला सहा फुटांवर बसला होता. सहा फुटांवर! त्याने फळ्या तपासल्या. तेल तपासलं. पिना वजन करून बघितल्या. फॉर्म भरला, सही केली आणि टोपी घालून निघून गेला. चेंडूबद्दल एक शब्द नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अख्ख्या वस्तीला वाटलं, क्लेमने लबाडी केली. पण ज्या एका माणसाने जवळून पाहिलं, तो बोललाच नाही."

नॉर्बर्टने गळ्यातला रुमाल काढला. तो घडी घालून ताटाशेजारी ठेवला. मग कोरिनकडे नाही, जेरार्डकडे नाही, सरळ टेबलाच्या त्या टोकाला बघून म्हणाला, "तळवा वर होता तुझा."

क्लेम हलला नाही.

"एरवी चेंडू सोडताना तुझा अंगठा आत वळतो. त्या वेळी नाही वळला. तळवा वरच राहिला आणि हात टोपीपर्यंत गेला. पायही चुकला होता, डावा उशिरा थांबला. चेंडू उजव्या कोपऱ्यातून तिरका गेला, जराही न वळता. सात नंबरची पिन शेवटी पडली. डुलली, आणि मग पडली."

"डुलली होती," क्लेम म्हणाला.

"मला वाटलं राहते."

"मलाही."

"मग बोलला का नाहीत तुम्ही?" लॉटी किंचाळलीच. "देवाशपथ, माणसा, एक वाक्य! एवढंच सांगायचं होतं, बारावा खरा होता म्हणून!"

नॉर्बर्टने थोडा विचार केला. तो नेहमीच खरं उत्तर द्यायचा, हाच त्याच्याबरोबर संसार करण्यातला मोठा त्रास होता.

"फॉर्मवर त्याला रकाना नव्हता," तो म्हणाला.

जेरार्डने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसतोय की रडतोय ते त्याचं त्यालाही कळलं नसेल. क्लेमच्या डोळ्यांतून मात्र सरळ पाणी वाहू लागलं. पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

"काय?"

"तो चेंडू. पहिल्यापासून सांग. मी उचलला तिथपासून."

नॉर्बर्टने खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला लागला. क्लेमने खुर्ची उचलली आणि कोपऱ्याला वळसा घालून त्याच्या शेजारी आणून ठेवली. मिठाची डबी म्हणजे सगळ्यात पुढची पिन, हेडपिन झाली. काटे म्हणजे फळ्यांच्या कडा. नॉर्बर्ट म्हणाला, कडेपासून दहाव्या फळीवरून गेला, क्लेम म्हणाला नवव्या, आणि दोघं तावातावाने भांडायला लागले. कोंबडी निवत होती.

लॉटी अजून उभीच होती. आयुष्यभर तिने या घटकेची उजळणी केली होती. क्लेम ओरडेल, शिव्या देईल, कदाचित माफ करेल. यांपैकी काहीच झालं नाही. कबुली देऊन पाच मिनिटं झाली नव्हती आणि दोन्ही म्हातारे तिला साफ विसरले होते. तिच्या लग्नाचा प्रश्न तिथेच पडला होता आणि त्याचं उत्तर द्यायची कुणालाच घाई नव्हती. नऊ वर्षं रोज गुडघ्यांवर बसून तिने त्या फळ्या पुसल्या होत्या. एकदाच चुकली, आणि ती चूकसुद्धा या दोघांनी आपापसांत वाटून घेतली होती.

तिने कोरिनच्या हातून वही ओढली, क्लेमचा कागद त्यातून काढला, चुरगाळून रश्शात टाकला आणि वही परत कोरिनपुढे सरकवली.

"लिही," ती म्हणाली.

"काय लिहू, आत्या?"

"आधी माझं नाव लिही. लॉटी नको. बाप्तिस्म्याचं लिही, लिओकाडिया झारेंबा. या तळघरातल्या लेनवर नऊ वर्षं तेल हिने घातलं."

"आणि तीनशेचं?"

लॉटीने टेबलाच्या त्या टोकाकडे एकदा बघितलं.

"ते खाली लिही," ती म्हणाली. "जागा उरली तर."